आकडा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे

आजचे युग आकड्यांचे आहे, असे म्हणण्याची पद्धत आहे. लातूर-नांदेडकडच्या विद्यार्थ्याला या वाक्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दहावीचा निकाल लागला की गल्लीतला पहिला प्रश्न, "किती पडले?" बारावी झाली की तोच प्रश्न. प्रवेश परीक्षा झाली की पुन्हा तोच. 'लातूर पॅटर्न'चे नाव महाराष्ट्रभर झाले ते या एका प्रश्नाच्या उत्तरावर. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी तर या प्रश्नाचे जुने गिऱ्हाईक आहोत. "कमी पडले म्हणून आर्ट्सला गेला," हे वाक्य आमच्यापैकी ज्याने लग्नकार्यात ऐकले नसेल असा विरळाच.

परंतु आज मला गुणपत्रिकेवर लिहायचे नाही, धावफलकावर लिहायचे आहे. एखाद्या तरुण खेळाडूने एक हंगाम खेळून काढला, तर तो हंगाम चांगला की वाईट हे कसे ठरवावे, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न लहान वाटतो. मलाही तो लहानच वाटत होता, एका मुलाने तो मला तोंडावर विचारीपर्यंत.

मी स्वतः खेळाडू नाही. दहा पावले धावलो की धाप लागते. पण आकडेमोडीची आवड आणि अक्षर बरे, म्हणून दोन वर्षे आमच्या क्रिकेट संघाची स्कोअरची वही माझ्याकडे होती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी सरांनी मला सगळ्या मुलांची सरासरी काढून द्यायला सांगितली. मी एका रात्रीत तक्ता तयार केला, शाईने आखला, नावे उतरत्या क्रमाने लिहिली. माझ्या तक्त्यात सगळ्यात खाली असलेले नाव संघातून गळाले. तो मुलगा दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या जिन्यात भेटला. म्हणाला, "काहून रे, माझं नाव कसं काय कटलं?" मी म्हणालो, "सरासरी कमी आहे तुझी. दहाच्या आत." त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मला खेळायला किती चेंडू मिळाले, ते लिव्हलंस का तुझ्या कागदावर?"

ते मी लिहिले नव्हते. रकानाच नव्हता.

त्या दिवसापासून मला या विषयाचा नाद लागला. बी. ए. ला अर्थशास्त्र घेतल्यामुळे मध्य, मध्यक, विचलन या शब्दांशी ओळख होती. ते शब्द केवळ परीक्षेपुरते नसतात, त्यांनी कोणाचे तरी नाव यादीत येते किंवा जाते, हे मात्र तेव्हा कळले.

आता एक प्रसिद्ध हंगाम घेऊ. पुण्याचा ऋतुराज गायकवाड. जन्म ३१ जानेवारी १९९७. आय.पी.एल.साठी चेन्नई सुपर किंग्जने त्याला घेतले तेव्हा त्याची किंमत होती २० लाख रुपये, म्हणजे त्या बाजारातला सर्वांत खालचा भाव. २०२१ च्या हंगामात त्याने १६ सामन्यांत ६३५ धावा केल्या, सर्वाधिक धावांची ऑरेंज कॅप मिळवली आणि चेन्नईने विजेतेपद पटकावले. वय होते २४. तोपर्यंत इतक्या लहान वयात ही टोपी कोणी मिळवली नव्हती. महाराष्ट्राला आनंद झाला आणि तो रास्तच होता.

पण हंगामाचे मूल्यमापन म्हणून '६३५' हा आकडा कितपत पुरतो? त्याच वर्षी पंजाबच्या के. एल. राहुलच्या धावा होत्या ६२६. नऊने कमी. मात्र त्या केवळ १३ सामन्यांतल्या. एका सामन्यामागे गायकवाडच्या धावा पडतात सुमारे ४०, तर राहुलच्या ४८. गायकवाडने दर शंभर चेंडूंना १३६ धावा काढल्या, राहुलने जवळजवळ १३९. म्हणजे दर सामन्याला किती आणि दर चेंडूला किती, हे दोन्ही प्रश्न विचारले तर उत्तर राहुलच्या बाजूने येते. टोपी मात्र बेरजेला मिळते. बेरीज वाढवायची तर सामने जास्त मिळावे लागतात, आणि ते संघ पुढच्या फेरीत गेला तरच मिळतात. पंजाब सहाव्या क्रमांकावर राहिला. राहुलला पुढे खेळण्याची संधीच नव्हती.

म्हणून मूल्यमापनाची पहिली पायरी अशी, की 'किती' या शब्दामागे 'कितीपैकी' हा शब्द जोडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी सरासरीची. गायकवाडची त्या हंगामातील सरासरी ४५.३५. हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल, की हा मुलगा मैदानात गेला की पंचेचाळीस धावा घेऊनच परत येत असणार. आता त्याच्या सोळा खेळी क्रमाने पाहा: ५, ५, १०, ६४, ३३, ७५, ४, नाबाद ८८, ३८, ४०, ४५, नाबाद १०१, १३, १२, ७०, ३२. सोळांपैकी सहा वेळा तो पंधराच्या आत बाद झाला. या खेळी लहानापासून मोठ्यापर्यंत मांडल्या तर मधोमध ३३ आणि ३८ येतात, म्हणजे मध्यक साडेपस्तीस. सरासरी आणि मध्यक यांच्यातले हे दहा धावांचे अंतर सांगते, की वरचा आकडा काही मोठ्या खेळींनी आणि दोनदा नाबाद राहण्याने ओढून वर नेला आहे. यात गायकवाडचे काही उणे नाही. सलामीच्या फलंदाजाचे जिणेच तसे असते. पण 'सरासरी माणूस' जसा जगात कोठे राहत नाही, तशी 'सरासरी खेळी'ही कोणी खेळत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हाच हंगाम आणखी एका ठिकाणी दुभंगतो. करोनाच्या साथीमुळे मे २०२१ मध्ये स्पर्धा थांबली आणि सप्टेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीत पुन्हा सुरू झाली. थांबण्यापूर्वी भारतात गायकवाडने ७ सामन्यांत १९६ धावा केल्या होत्या, सरासरी २८. अमिरातीत ९ सामन्यांत ४३९, सरासरी जवळजवळ ६३. एकाच हंगामात दोन निराळे फलंदाज असावेत तसे हे दोन भाग दिसतात. मे महिन्यात कोणी त्याच्यावर लेख लिहिला असता तर तो 'बरा, होतकरू' एवढ्यावर संपला असता. ऑक्टोबरमध्ये त्याच लेखकाला विशेषणे अपुरी पडली असती.

त्याच्या धावा कशा आल्या तेही पाहू. हे गणित कागद-पेन्सिलीने होते, त्याला संगणक लागत नाही. त्या हंगामात त्याने ४६६ चेंडूंत ६४ चौकार आणि २३ षटकार मारले. म्हणजे ८७ चेंडूंत ३९४ धावा, एकूण धावांच्या बासष्ट टक्के. उरलेल्या ३७९ चेंडूंत आल्या २४१. त्या सगळ्या एकेरी धावा होत्या असे धरले तरी निदान १३८ चेंडूंवर त्याला एकही धाव मिळाली नाही. दर दहा चेंडूंतले तीन कोरे. नुसते कौतुक करणाऱ्याला हे दिसत नाही आणि नुसत्या टीकाकाराला चौकार-षटकारांचे बासष्ट टक्के दिसत नाहीत. प्रशिक्षकाला मात्र दोन्ही दिसावे लागतात, कारण या मुलाला पुढे काय शिकवायचे हे त्या कोऱ्या चेंडूंत लिहिलेले असते.

आता तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी. त्या हंगामात त्याची सर्वोत्तम खेळी कोणती? शंभर जणांना विचारले तर नव्वद म्हणतील, राजस्थानविरुद्ध अबू धाबीला काढलेले नाबाद शतक. २ ऑक्टोबर २०२१. साठ चेंडूंत १०१, डावाच्या अखेरच्या चेंडूवर षटकार मारून शंभरी पार. डोळ्यांचे पारणे फेडणारी खेळी, यात वाद नाही. चेन्नईच्या १८९ धावा झाल्या. आणि राजस्थानने त्या केवळ १७.३ षटकांत, सात गडी राखून मागे टाकल्या!

गायकवाडने त्या दिवशी चेंडूमागे १.६८ धावा केल्या. समोरच्या अख्ख्या संघाने त्याच खेळपट्टीवर चेंडूमागे १.८१ धावा केल्या. शतक खरे, पण त्या संध्याकाळी धावा स्वस्त होत्या.

आता १९ सप्टेंबर २०२१ चा दुबईतला सामना घ्या. समोर मुंबई. चेन्नईचे चार गडी २४ धावांत गेलेले, आणि रायुडू शिवाय जखमी होऊन परतलेला. तेथून गायकवाडने ५८ चेंडूंत नाबाद ८८ केल्या आणि संघ १५६ पर्यंत पोचला. त्याचा वेग चेंडूमागे १.५२. त्याच्या संघातल्या बाकी सगळ्यांनी मिळून, अवांतर धावा धरून, ६२ चेंडूंत ६८ धावा केल्या, वेग १.१०. मुंबईला वीस षटकांत १३६ धावाच करता आल्या, वेग १.१३. चेन्नई २० धावांनी जिंकली. म्हणजे मैदानावरील इतर सर्वांना जे जमत नव्हते, ते हा एक मुलगा करत होता. वहीत ८८ हा आकडा १०१ पेक्षा तेराने लहान आहे. सामन्यात तो कितीतरी मोठा होता.

प्रगत आकडेवारी म्हणून ज्या शास्त्राचा आज बोलबाला आहे, त्याचे मर्म मला एवढेच दिसते. धाव मोजण्याआधी त्या दिवशी धावेचा भाव काय होता ते विचारणे. बाजारात ज्वारीचा भाव न सांगता कोणी "मी हजार रुपयांची ज्वारी विकली" म्हणाला, तर त्याने किती पिकवली हे आपल्याला कळेल का?

हा विचार क्रिकेटला अगदी नवा नाही. पावसात अडकलेल्या सामन्यासाठी डकवर्थ आणि लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांची पद्धत १९९७ पासून वापरात आली. तिच्यावर आपण सगळ्यांनी तोंडसुख घेतले आहे. पण तिचा पाया शहाणपणाचा होता. संघाजवळ दोन प्रकारचे भांडवल असते, शिल्लक षटके आणि शिल्लक गडी. ते किती उरले आहे त्यावरून पुढे किती धावा होतील याचा अंदाज बांधता येतो. एकदा हा अंदाज हाती आला की फलंदाजाने त्यापेक्षा अधिक केले की कमी, हेही मोजता येते. चार बाद २४ वर आलेली धाव आणि बिनबाद १०० वर आलेली धाव एका तराजूत घालायची नाही, हा त्यातला न्याय.

बास्केटबॉलमध्ये अमेरिकेत हा हिशेब फार पुढे गेला आहे. पूर्वी तेथेही खेळाडूचे मोल दर सामन्याच्या गुणांवर ठरे. मग अभ्यासकांच्या लक्षात आले, की चेंडूचा ताबा आलटूनपालटून दोन्ही संघांकडे जातो, म्हणून दोघांना संधी जवळजवळ सारख्याच मिळतात. तेव्हा गुण सामन्यामागे न मोजता ताब्यामागे मोजावेत. वीस गुण मिळविण्यासाठी एकाने बारा वेळा चेंडू टोपलीकडे फेकला आणि दुसऱ्याने पंचवीस वेळा, तर दोघांचे वीस गुण सारखे कसे? दुसऱ्याने संघाच्या तेरा संधी जास्त खर्च केल्या. त्याहीपुढे जाऊन ते पाहतात, की अमुक खेळाडू मैदानावर असताना संघाची आघाडी किती वाढली आणि तो बाकावर बसला असताना किती घटली. ज्याच्या नावावर गुण नाहीत, पण जो असला की संघ जिंकतो, असा मुकाट्याने राबणारा गडी या हिशेबात प्रथमच दिसू लागला.

ही गोष्ट परदेशी वाटत असेल तर आपल्या कबड्डीकडे पाहावे. तेथेही चढाया आलटूनपालटून होतात. म्हणजे चढाईमागे गुण मोजणे हा कबड्डीचा स्वाभाविक हिशेब आहे. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण दिल्लीच्या आशू मलिकचे होते, २७६. परंतु हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला तो पुणेरी पलटणचा कर्णधार, नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. तो चढाईही करतो आणि पकडीतही असतो. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून विजेतेपद मिळवले. एका रकान्यातला पहिला आणि संघाला सर्वांत उपयोगी, हे दोन मान दोन वेगळ्या माणसांकडे जाऊ शकतात, याचा हा आपल्या मातीतला दाखला आहे.

येथपर्यंत मी आकड्यांची बाजू मांडली. अधिक मोजा, नीट मोजा, असे म्हटले. आता त्यांच्या मर्यादेकडे वळतो, कारण तरुण खेळाडूंच्या बाबतीत खरा अन्याय तेथे होतो.

पुन्हा गायकवाडच, पण एक वर्ष मागे. २०२० चा हंगाम, त्याचा पहिला. पहिल्या तीन खेळी: ०, ५, ०. तीन डावांत पाच धावा. या तीन आकड्यांवर कोणत्याही प्रगत शास्त्राने त्याला नापासच केले असते. पण चेन्नईने त्याला पुन्हा उतरवले आणि पुढच्या तीन खेळी झाल्या नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. मुलगा तोच, बॅट तीच. फरक पडला तो संधीने. २०२१ चे वैभव, २०२३ च्या ५९० धावा, २०२४ मध्ये कर्णधार म्हणून केलेल्या ५८३ धावा, हे सगळे त्या चौथ्या सामन्याच्या दाराने आत आले.

आणि २०२१ च्या वैभवानंतर काय झाले? २०२२ मध्ये १४ सामन्यांत ३६८ धावा, सरासरी २६. "डोक्यात हवा गेली," असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटले. पुस्तकात याला साधे उत्तर आहे. अतिशय चांगल्या हंगामात गुणाबरोबर नशिबाचाही हात असतो, आणि नशीब दरवर्षी तेवढीच साथ देत नाही. म्हणून शिखरानंतरचे वर्ष बहुधा खालचे असते. त्यासाठी मुलाच्या चारित्र्यात खोट शोधण्याचे कारण नसते.

मग ज्याला चौथा सामना मिळालाच नाही, त्याचे काय?

लातूरहून एस.टी.ने तुळजापूरला जायला फार वेळ लागत नाही. त्या तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर. १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या २०२२ च्या भारतीय संघातला वेगवान गोलंदाज. चेन्नईनेच त्याला दीड कोटी रुपयांना घेतले. ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादला तो आय.पी.एल.चा पहिला सामना खेळला. वय वीस. योगायोग असा, की त्याच सामन्यात गायकवाडने ५० चेंडूंत ९२ धावा केल्या आणि तरीही चेन्नई हरली.

हंगर्गेकरची नोंद अशी: चार षटके, ३६ धावा, ३ बळी. षटकामागे नऊ धावा म्हणजे महाग, असे कोणी म्हणेल. पण आपण शिकलेला प्रश्न विचारू: त्या रात्री धावेचा भाव काय होता? गुजरातने १९.२ षटकांत १८२ केल्या. हंगर्गेकरची चार षटके आणि त्याच्या ३६ धावा वगळल्या तर बाकीच्या ९२ चेंडूंसाठी, अवांतर धावा धरून, १४६ धावा उरतात, षटकामागे साडेनऊ. म्हणजे पहिल्याच सामन्यात आमचा हा मराठवाड्याचा मुलगा इतरांहून किंचित स्वस्तच पडला होता, आणि पडलेल्या पाच गड्यांपैकी तीन त्याने बाद केले होते.

त्या हंगामात त्याच्या वाट्याला दोनच सामने आले. चेन्नईने त्या वर्षी विजेतेपद मिळवले, तेव्हा संघाची निवड चुकली असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. संघाची स्वतःची कारणे असतात, आणि जाळीतल्या सरावात प्रशिक्षकाला जे दिसते ते धावफलकावर येत नाही. माझे म्हणणे इतकेच, की त्या दोन सामन्यांवरून हंगर्गेकर चांगला की वाईट हे कोणीही सांगू नये. स्तुती करणाऱ्यानेही नाही आणि नाक मुरडणाऱ्यानेही नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण भातापुरती खरी आहे, कारण एका पातेल्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाचे दोन दिवस एका आचेवर शिजत नाहीत.

येथे काही मित्र आक्षेप घेतील. खेळ हा खेळ आहे, त्याचे असे पिंजून पिंजून सूत काढले तर त्यातला आनंद जाईल, असे ते म्हणतील. मला तसे वाटत नाही. रागाचे स्वर कळले म्हणून गाण्याचा आनंद कमी होतो का? दुबईची ती ८८ धावांची खेळी मला पूर्वी चांगली वाटत होती. हिशेब केल्यावर ती अधिक मोठी वाटू लागली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या संघांकडे प्रत्येक चेंडू टिपणारे कॅमेरे असतात, पगारी विश्लेषक असतात. आमच्याकडे एक वही आणि एक स्कोअरर. आमच्या मुलांचे असे मूल्यमापन कसे व्हावे? हे खरे आहे. आणि म्हणूनच, जेथे मोजण्याची साधने थोडी तेथे निकाल देण्याची घाईही थोडी असावी. प्रत्यक्षात उलटे घडते. ज्याच्याजवळ हजार आकडे आहेत तो जपून बोलतो, आणि ज्याच्याजवळ एकच आकडा आहे तो ताडकन निकाल देतो.

मी तसाच निकाल दिला होता. आता त्या वहीकडे परत येतो.

जिन्यातल्या त्या प्रश्नानंतर मी रात्री स्कोअरची वही पुन्हा उघडली आणि त्या मुलाच्या खेळी एक एक करून पाहिल्या. तो सातव्या क्रमांकावर येई. बहुतेक वेळा तो मैदानात उतरला तेव्हा शेवटचे एखादे-दुसरे षटक राहिले होते. "मार" एवढाच निरोप घेऊन तो जाई. दोन चेंडू, चार चेंडू, एखादा चौकार, आणि सीमारेषेवर झेल. संघाला जे हवे होते ते तो करत होता आणि करता करता बाद होत होता. प्रत्येक वेळी माझ्या तक्त्यात त्याचा भाजक एकाने वाढत होता. सलामीला येऊन सावकाश खेळणाऱ्या आणि सामना हरवून परतणाऱ्या मुलांची नावे मात्र त्याच तक्त्यात वर चढत होती. चेंडू मोजून पाहिले तेव्हा दिसले, की चेंडूमागे धावांच्या हिशेबात तो यादीत तळाशी नव्हता, वरच्या दोघा-तिघांत होता.

मी तो नवा कागद घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी तो नीट वाचला. "आधी का नाही आणलास?" एवढेच म्हणाले. तोवर संघाची नावे कळवून झाली होती. त्या वर्षी तो मुलगा स्पर्धेला गेला नाही आणि पुढच्या वर्षी तो महाविद्यालयात नव्हता. घरची शेती पाहतो असे ऐकतो. तो मोठा खेळाडू झाला असता असे मी म्हणणार नाही. ते म्हणायलाही पुरेसे चेंडू त्याला मिळाले नाहीत.

म्हणून माझे मत थोडक्यात असे आहे. आकडे टाकून द्यावेत असे नाही. अपुरा आकडा टाकून द्यावा. तरुण खेळाडूचा हंगाम पाहताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. कितीपैकी? कोणत्या परिस्थितीत? आणि निकाल देण्याइतकी संधी त्याला मिळाली का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गणित देते. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर गणिताने गप्प बसावे आणि संधी देणाऱ्याने पुढे यावे. आकडा हा साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे. पण साक्षीदारालाच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले, की आरोपी तरुण असला तर त्याचे आयुष्य त्या एका साक्षीवर वाहून जाते.

गुणपत्रिकेवर लिहायचे नाही असे मी सुरुवातीला म्हटले होते आणि तो शब्द पाळतो. एवढेच सुचवतो, की पुन्हा निकाल लागतील, गल्लीतल्या एखाद्या मुलाला कोणी विचारील, "किती पडले?" तेव्हा आपल्यापैकी एकाने तरी पुढचा प्रश्न विचारावा. त्याला खेळायला किती चेंडू मिळाले होते?